मेनू दिसतो, गेम दिसत नाही: मोर्शीकडच्या एका मिस्टर कन्सोलचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती: "काका, अपडेट केलं तं बंदच पडलं." बोलणारा मुलगा अकरावीतला, मोर्शीपासून थोड्या आतल्या गावचा. घरची संत्र्याची बाग. सोबत वडील, आणि कापडी पिशवीत धातूच्या पेटीतला मिस्टर नावाचा गेम कन्सोल. माझं दुकान टीव्ही दुरुस्तीचं. असला कन्सोल तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच येतो, पण टीव्हीवर चित्र न येणं हे आमचं रोजचं काम आहे, आणि हे प्रकरण शेवटी त्याच जातीचं निघालं.

सविस्तर लिहितो आहे, कारण इथे एका बिघाडावर दुसरा बिघाड बसला होता. वरचा काढला की खालचाही बरा झाल्यासारखा दिसत होता. तिथेच काम थांबवलं असतं तर "फर्मवेअर (यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) खराब झालं होतं" हे निदान घेऊन दोघं घरी गेले असते. ते निदान अर्धंच खरं होतं.

यंत्र

मिस्टर हा खुला प्रकल्प अलेक्सी मेल्निकोव्ह यांनी २०१७ मध्ये सुरू केला. त्याचा पाया डीई-१० नॅनो नावाचा बोर्ड. त्यावर सायक्लोन व्ही जातीची एफपीजीए चिप असते, सुमारे १,१०,००० लॉजिक घटकांची, आणि त्याच चिपमध्ये दुहेरी एआरएम प्रोसेसर. साधा इम्युलेटर जुन्या यंत्राची नक्कल सॉफ्टवेअरने करतो. इथे चिपच्या आतली जोडणीच बदलून जुन्या यंत्राचं सर्किट उभं केलं जातं. त्या सर्किटच्या फाइलला कोअर म्हणतात. निन्टेन्डोच्या जुन्या आठ बिटी यंत्राचा कोअर वेगळा, आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या, प्रत्येक बोर्डाचा वेगळा.

म्हणून या यंत्राच्या बाबतीत "फर्मवेअर" म्हटलं की आधी विचारावं लागतं, कोणतं? मायक्रो एसडी कार्डावर एक छोटं लिनक्स असतं, त्यावर चालणारा मुख्य प्रोग्राम असतो, मग कोअर, आणि शेवटी साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल, मिस्टर डॉट आयएनआय. अपडेट पहिल्या तिन्हींना हात लावतो. सेटिंगची फाइल वापरणाऱ्याची असते, तिला तो हात लावत नाही. या प्रकरणाची किल्ली इथेच होती, पण ती दिसायला वेळ लागला.

आधी काय घडलं होतं

दुरुस्तीला आलेल्या वस्तूची शेवटची तक्रार सगळे सांगतात, पहिली कोणी सांगत नाही. ती विचारून काढावी लागते. मुलाला मी म्हटलं, अपडेटचं राहू दे, अपडेट करावंसं का वाटलं ते सांग. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली.

कन्सोल त्याच्या पुण्यातल्या चुलत भावाने जुळवलेला. भाऊ तो कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर वापरायचा आणि तिथे सगळं सुरळीत होतं. सुट्टीत गावी आला तेव्हा धाकट्याला देऊन गेला. गावी टीव्ही ३२ इंची, असेंबल केलेला, कुठल्याशा नावाचं स्टिकर लावलेला. "मेनू दिसते काका, मारिओ बी चालते. पण विमानाचा आर-टाइप लावला का टीव्ही काळा पडते, नो सिग्नल म्हणते. मेनूत वापस आलं का पुन्हा दिसते."

या तीन वाक्यांत अर्धं निदान आहे. केबल तुटकी असती तर मेनूही दिसला नसता. बोर्डावरची एचडीएमआय चिप गेली असती तर मारिओ दिसला नसता. गेमची फाइल खराब असती तर स्क्रीन काळी पडली असती, पण टीव्हीने "नो सिग्नल" म्हटलं नसतं, कारण काळं चित्र हाही सिग्नलच असतो. टीव्हीला सिग्नल ओळखताच येत नव्हता, आणि तोही फक्त काही गेमच्या वेळी.

घरी मात्र तपास दुसऱ्या वाटेने गेला. केबल बदलून पाहिली. मग अडॅप्टरवर संशय आला, म्हणून मोबाइलच्या चार्जरला पिन जोडून लावली. मग भावाने फोनवर सांगितलं की अपडेट मारून बघ. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट सुरू केला, तो लिनक्स बदलण्याच्या टप्प्यावर आला आणि लाईन गेली. त्या टप्प्यावर पडद्यावर स्पष्ट सूचना येते की यंत्र बंद करू नका. पण लाईनला कोण सांगणार? त्यानंतर मेनूही येईना.

वरचा बिघाड: कार्ड

आधी वीज पाहिली. मोबाइलचा चार्जर आणि बारीक तारेची लांब केबल यांच्यावर बोर्ड सुरू केला की मल्टिमीटर पाच व्होल्टच्या बराच खाली घसरत होता. डीई-१० नॅनोला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतःचा अडॅप्टर लागतो. मूळ अडॅप्टर पिशवीतच होता आणि पूर्णपणे चांगला होता. तो लावला. मेनू तरीही आला नाही, म्हणजे कार्ड.

या कार्डाचा मोठा भाग एक्सफॅट पद्धतीचा असतो. विंडोजच्या लॅपटॉपवर सरळ वाचता येतो, ही सोय. पण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतो. लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर कुठपर्यंत झालं याची नोंद मागे राहत नाही, ही अडचण. लिनक्सची मोठी इमेज फाइल अर्धवट लिहिली गेली होती. जुन्या कार्डावर डागडुजी करत बसण्यापेक्षा आधी त्यावरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. गेमच्या सेव्ह फाइल शाबूत होत्या, मुलाचा जीव त्यांच्यातच होता. मग नवं कार्ड कोऱ्या इमेजवरून तयार केलं आणि दुकानातल्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवर अपडेट पूर्ण होऊ दिला.

मेनू आला. मारिओ चालला. आर-टाइप लावला, तोही दिसला, दुकानातल्या टीव्हीवर. वडील उठायला लागले. मी त्यांना थांबवलं आणि घरचा टीव्ही घेऊन यायला सांगितलं, कारण तक्रार त्या टीव्हीवर होती. दुसऱ्या दिवशी टीव्ही आला. नव्या कार्डाने आर-टाइप त्यावरही दिसला.

आता इथे सरळ निष्कर्ष असा की जुनं फर्मवेअर खराब होतं, नव्याने बरं केलं. बिल करा, मोकळे व्हा. पण नव्या कार्डात नुसतं फर्मवेअर नवीन नव्हतं. भावाची सेटिंगची फाइलही त्यात नव्हती. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय कोणाला द्यायचं ते ठरलेलं नव्हतं.

जुनी फाइल परत

म्हणून नव्या कार्डावर, नव्या फर्मवेअरसोबत, भावाची जुनी आयएनआय फाइल टाकली. आर-टाइप लावताच टीव्ही काळा, "नो सिग्नल". मूळ तक्रार जशीच्या तशी परत आली. मुलाचा चेहरा उतरला. मला मात्र आनंद झाला, कारण हवा तेव्हा आणता येणारा आणि हवा तेव्हा घालवता येणारा बिघाड पकडलाच म्हणून समजावं.

मग एका वेळी एकच ओळ बदलायची. व्हिडिओ मोड १०८० वरून ७२० वर आणला: काळा. डीव्हीआय मोड चालू केला, ज्यात एचडीएमआयचा आवाज आणि जास्तीची माहिती बंद होते आणि काही हट्टी पडदे ऐकतात: तरी काळा. उरली व्हीसिंक ॲडजस्ट ही ओळ. भावाच्या फाइलमध्ये तिची किंमत २ होती.

ही ओळ काय करते ते नीट सांगायला हवं. ० ठेवलं तर कन्सोल टीव्हीला नेहमीचा ठराविक वेग देतो, सेकंदाला ६० चित्रं, गेमचा मूळ वेग काहीही असो. १ ठेवलं तर बाहेर जाणारा वेग गेमच्या मूळ वेगाशी जुळवला जातो, मात्र मध्ये चित्र साठवून. २ ठेवलं तर वेगही जुळवला जातो आणि साठवणही जवळजवळ काढून टाकली जाते, म्हणजे बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर सगळ्यात कमी. मन लावून खेळणारा माणूस २ च ठेवणार. भावाने ठेवलं होतं ते योग्यच होतं, त्याच्या मॉनिटरसाठी.

२ चं १ केलं: काळा. १ चं ० केलं: चित्र आलं. मधली ती १ ची चाचणी महत्त्वाची. १ वर साठवण होती तरी टीव्हीने नकार दिला, म्हणजे अडचण साठवणीची किंवा उशिराची नव्हती. अडचण वेगाची होती.

शेवटची खात्री म्हणून जुनी फाइल तशीच ठेवून कन्सोल दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरला लावला. आर-टाइप लगेच दिसला आणि मॉनिटरच्या माहितीच्या चौकटीत ५५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५५ चित्रं, असं लिहून आलं. कन्सोल निर्दोष होता. टीव्हीही बिघडलेला नव्हता. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

५५ आणि ६०

जुन्या गेम यंत्रांना कोणी सेकंदाला बरोबर ६० चित्रं दाखवायचं बंधन घातलं नव्हतं. निन्टेन्डोचं अमेरिकी आणि जपानी आठ बिटी यंत्र ६०.०९८८ हर्ट्झवर चालतं. गेम बॉय ५९.७३ वर. आर्केडची यंत्रं स्वतःच्या पडद्यासकट विकली जात, त्यामुळे तिथे बनवणाऱ्याची मर्जी. १९८७ चा आर-टाइप आयरेम कंपनीच्या ज्या बोर्डावर होता तो ५५.०२ वर चालतो, मॉर्टल कॉम्बॅटचा बोर्ड ५४.७ च्या आसपास. ट्यूबच्या पडद्याला याचं काही वाटत नसे, येईल त्या वेगाने तो बीम फिरवायचा.

एचडीएमआय टीव्ही तसा नाही. १०८० च्या चित्रात आडवे एकूण २,२०० पिक्सेल आणि उभ्या १,१२५ ओळी धरतात, न दिसणारा काठ धरून. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे पिक्सेलचा वेग १४८.५ मेगाहर्ट्झ. व्हीसिंक ॲडजस्ट १ किंवा २ असताना मिस्टर हा चौकोन तोच ठेवतो आणि फक्त पिक्सेलचा वेग कमीजास्त करतो. मारिओच्या ६०.०९८८ साठी तो सुमारे १४८.७४ होतो, फरक ०.१६ टक्के. एचडीएमआयमध्ये साधारण अर्धा टक्का इकडेतिकडे चालवून घेतात, म्हणून मारिओ दिसत होता. आर-टाइपसाठी तोच वेग सुमारे १३६.२ वर येतो, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त खाली. टीव्हीच्या यादीत असा मोडच नाही.

या टीव्हीत बाजारात मिळतो तो युनिव्हर्सल बोर्ड होता. पॅनेल १३६६ बाय ७६८ चं, पण एचडीएमआयवरून विचारलं की बोर्ड स्वतःला १०८० चा म्हणवतो. ही ओळख म्हणजे ईडीआयडी, १२८ बाइटचे ठोकळे, जे कन्सोल केबलच्या १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून वाचतो. असे बोर्ड आलेला सिग्नल मोजून आपल्या यादीतल्या मोडशी ताडून पाहतात आणि जुळला नाही की नाकारतात. मॉनिटर जरा मोकळ्या मनाचे असतात. त्यांच्या ईडीआयडीत बहुधा वेगाचा पट्टाच दिलेला असतो, अमुकपासून तमुकपर्यंत, आणि काही जण त्याच्या किंचित बाहेरचंही चालवून घेतात. पुण्यात सगळं चालायचं ते यामुळे.

पॅनेल १३६६ चं आहे म्हणून मिस्टरमधला १३६६ बाय ७६८ चा मोड द्यावा असं काही जण सुचवतील. या टीव्हीच्या ईडीआयडीत तो मोड नव्हताच. टीव्ही जे कबूल करत नाही ते त्याच्यावर लादू नये.

वडिलांचा मारिओ

हे सगळं चालू असताना वडील गप्प बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, आमच्या टायमाले हा मारिओ इतका पयत नव्हता." मुलगा हसला. पण त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, आणि ते नसतं तर तपासातली सगळ्यात पक्की चाचणी राहून गेली असती.

नव्वदच्या दशकात इकडे गावोगाव जे व्हिडिओ गेम आले, पिवळ्या-निळ्या कॅसेटवाले, ते निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. पालसाठी बनलेली नकल ५० वर चालायची आणि गेम मात्र ६० साठी लिहिलेला असायचा. गेमचं घड्याळ चित्रांच्या मोजणीवर चालतं, त्यामुळे सगळा खेळ मूळच्या पाच-षष्ठांश वेगाने चाले: धावणं, उडी, संगीताची लय, सगळंच. आज ६० वर तोच गेम पाहिला की पळत सुटल्यासारखा वाटणारच. त्यांचं बालपण खरोखर थोडं संथ होतं.

मिस्टरच्या निन्टेन्डो कोअरमध्ये यासाठी सोय आहे. यंत्राचा प्रकार निवडायच्या जागी एनटीएससी (अमेरिका-जपानची ६० ची पद्धत), पाल आणि डेंडी असे तीन पर्याय असतात. डेंडी हे १९९२ मध्ये रशियात विकायला आलेल्या नकलेचं नाव, आणि त्या जातीच्या पाल नकलांची वेळेची मांडणी त्या नावाने ओळखली जाते. अस्सल पाल यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे एनटीएससी गेमचा सूरही खाली उतरतो. डेंडीचा १.७७ वर चालतो, मूळ १.७९ च्या अगदी जवळ. म्हणून सूर जवळपास तोच राहतो आणि फक्त लय संथ होते. वडिलांना हवं ते हेच.

डेंडी निवडलं आणि व्हीसिंक ॲडजस्ट १ वर ठेवलं. टीव्ही काळा! वेग ५०.००७, आणि ५० तर प्रत्येक टीव्हीला चालतं. मग नकार का? कारण मिस्टरने चौकोन २,२०० चाच ठेवला होता आणि पिक्सेलचा वेग १२३.७५ च्या आसपास आणला होता. टीव्हीच्या यादीतला ५० चा १०८० मोड वेगळा आहे: आडवे २,६४० पिक्सेल आणि पिक्सेलचा वेग तोच १४८.५. सेटिंगच्या फाइलमध्ये पाल गेमसाठी वेगळा व्हिडिओ मोड लिहायची ओळ असते. तिथे ९ लिहिलं, म्हणजे १९२० बाय १०८०, ५० हर्ट्झ. चित्र आलं, आणि रिमोटवरचं माहितीचं बटण दाबल्यावर टीव्हीने ५० हर्ट्झ दाखवलं.

टीव्ही तोच, गेम तोच, वेग तोच. बदलली फक्त त्या वेगाची मांडणी, आणि नकाराचा होकार झाला. हर्ट्झचा आकडा एकटा पुरत नाही, पिक्सेलचा वेग आणि चौकोनाचा आकार मिळून मोड ठरतो, हे आर-टाइपवरून मांडलेलं अनुमान इथे सिद्ध झालं. वडिलांनी रिमोट खाली ठेवून पॅड हातात घेतला आणि पहिली फेरी न मरता पार केली.

एक छोटी गोष्ट मध्येच निघाली. जमिनीखालच्या अंधाऱ्या भागात काळ्यातले तपशील बुजत होते. मिस्टर मुळात ० ते २५५ हा पूर्ण रंगपट्टा देतो, आणि हा टीव्ही १६ ते २३५ धरून चालला होता. एचडीएमआय लिमिटेड ही ओळ १ केली की अंधार उघडला. पाच मिनिटांचं काम, पण याचा दोष लोक पॅनेलला देतात.

शेवटची मांडणी

सगळ्यांसाठी व्हिडिओ मोड ८ (१९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ), पालसाठी ९, व्हीसिंक ॲडजस्ट १, रंगपट्टा मर्यादित. खाली आर्केड नावाचा चौकोनी कंसातला वेगळा विभाग आणि त्यात व्हीसिंक ॲडजस्ट ०, म्हणजे आर्केडचे सगळे गेम ठराविक ६० वर. १ च्या जागी २ सुद्धा या टीव्हीवर मारिओला चालत होतं. पण संध्याकाळी पंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज डुलतं आणि टीव्हीचा बोर्ड आधीच नाजूक, म्हणून थोडा उशीर पत्करून १ ठेवलं. ही माझी पसंती, नियम नाही. मुलाला ओळ दाखवून ठेवली आहे, त्याला २ करून पाहता येईल.

या तोडग्याची किंमत आहे आणि ती दोघांना आधीच सांगितली. ५५ चा गेम ६० वर दाखवायचा तर दर सेकंदाला पाच चित्रं दोनदा दाखवावी लागतात. आर-टाइपमध्ये मागचं दृश्य संथपणे सरकत राहतं, तिथे ही अडखळ डोळ्याला जाणवते. मुलाला ती लगेच दिसली. सेटिंगच्या फाइलमध्ये याला उपाय नाही, या टीव्हीवर तर नाहीच. ५५ घेणारा पडदा हवा. जुना मॉनिटर विकत घ्यायचा असेल तर कन्सोल सोबत नेऊन, आर-टाइप लावून, दुकानातच पाहून घे, असं सांगितलं. डब्यावरच्या आकड्यांवर जाऊ नको.

जुनं कार्ड तपासून, कोरं करून, त्यावर चालू कार्डाची पूर्ण प्रत काढून पेटीसोबत दिली. पुढचा अपडेट इन्व्हर्टरवर आणि मूळ अडॅप्टरवरच करायचा, आणि आयएनआय फाइलची प्रत आधी मोबाइलमध्ये घ्यायची, एवढं मुलाने वहीत लिहून घेतलं. जाताना त्याने विचारलं की पुण्याच्या मॉनिटरसाठी भावाची जुनी फाइल वेगळ्या नावाने कार्डावरच ठेवता येईल का. येते. मिस्टर एकाहून जास्त आयएनआय फाइल ओळखतो आणि मेनूतून बदलू देतो. ती कार्डावर टाकून दिली.